हम दोनो : एका गिटारवादकाची साथसंगत



जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनाला दोन बाजू असत. पुढच्या बाजूवर प्रमुख कलावंताचे छायाचित्र आणि ठळक अक्षरांत नाव. मागच्या बाजूवर बारीक टाइपात साथीदारांची नावे. पुष्कळदा तीही नसत. आपल्या मैफिलीतही गायकाचे नाव निमंत्रणपत्रिकेवर मोठे असते आणि तंबोऱ्यावर कोण बसले होते हे दुसऱ्या दिवशी फारसे कुणाला आठवत नाही. तरीही मराठीने या कामाला एक सुंदर शब्द दिला आहे : साथसंगत. त्यात सोबत आहे, संगीत आहे आणि सत्संगाची एक छटाही आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय असा एक गिटारवादक आहे, ज्याची कारकीर्द वेष्टनाच्या या दोन बाजूंच्या मधोमध घडली. त्याचे नाव अमान्सिओ डिसिल्वा.

रायपुरातील मराठी शाळेच्या हीरकमहोत्सवात लंडनमध्ये नाव मिळवलेल्या गोमंतकीय जॅझवादकाचे काय काम, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर शेवटी आपोआप मिळावे. तूर्त एवढेच सांगणे पुरे, की घरात एक भाषा, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी आणि नोकरीच्या मुलाखतीत चौथी, असे ज्यांचे आयुष्य आहे, त्यांना या माणसाची गोष्ट परकी वाटणार नाही.

अमान्सिओ यांचा जन्म १९३६ साली मुंबईत, गोव्याहून आलेल्या कुटुंबात झाला. त्या काळच्या मुंबईतील गोमंतकीय वादकांचे जग समजून घेतल्याशिवाय त्यांची वाटचाल कळणार नाही. पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या चर्चशी जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. हेतू प्रार्थनेचा होता. पण त्यातून पिढ्यान्‌पिढ्या अशी माणसे तयार झाली, जी समोर ठेवलेला कागद पाहून कोणतेही संगीत वाजवू शकत. गावात पोट भरेना, तेव्हा हीच माणसे ब्रिटिश हिंदुस्थानात पसरली. संस्थानिकांचे बँड, मूकपटांची चित्रपटगृहे, मुंबईतील मोठ्या हॉटेलांचे वाद्यवृंद आणि नंतर चित्रपटांचे ध्वनिमुद्रण, सगळीकडे ती होती.

हिंदी चित्रपटसंगीताचा सुवर्णकाळ असे आपण ज्याला म्हणतो, त्याच्या मागच्या बाजूवर ही नावे आहेत. सी. रामचंद्र हे आपल्या परिचयाचे. पुणतांब्याचे, नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकलेले. रायपूर तेव्हा त्याच नागपूर राजधानीच्या प्रांतात होते. त्यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’तील नव्या ढंगाच्या संगीतात चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाचा मोठा वाटा होता. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस यांनी शेकडो गाण्यांच्या वाद्यमेळाची बांधणी केली, प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. पण सर्वसामान्य माणसाच्या ओठी त्यांचे नाव आले ते १९७७ साली, ‘अमर अकबर अँथनी’मधील एका गाण्यात शिष्याने ते गुंफले म्हणून. ज्यांनी ते गाणे गुणगुणले, त्यांतील बहुतेकांना असा एक खरा माणूस आहे हे ठाऊकही नव्हते.

अमान्सिओ या परंपरेचे पुत्र खरे. पण त्यांचे वाद्य गिटार होते आणि त्यांचे मन जॅझमध्ये रमले होते. अमेरिकेतील वेस माँटगोमेरी हा गिटारवादक त्यांचा आदर्श. वेस प्लेक्ट्रमऐवजी उजव्या हाताच्या अंगठ्याने तारा छेडत असे आणि एकच सुरावट एकाच वेळी दोन सप्तकांत वाजवत असे. त्यामुळे गिटारला एक गोल, भरदार आवाज येई. अमान्सिओ यांच्या वादनात हा संस्कार स्पष्ट ऐकू येतो. पुढे त्यांना जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांचा आश्रय लाभला. एका गोमंतकीय ख्रिस्ती तरुणाने राजपुतान्याच्या राजघराण्याच्या आधाराने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत जोपासावे, ही गोष्ट आज कल्पित वाटेल. पण ‘जयपूर’ आणि ‘महाराणी’ या नावांच्या त्यांच्या रचनाच तिची साक्ष देतात.

१९६७ मध्ये अमान्सिओ लंडनला गेले. त्या वर्षी तेथे हिंदुस्थानी संगीताची मोठी लाट होती. जॉर्ज हॅरिसन यांनी पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकायला सुरुवात केल्यापासून तरुणांच्या तोंडी सतारीचे नाव होते. जॅझच्या क्षेत्रातही प्रयोग चालू होते. कोलकात्यात जन्मलेले व्हायोलिनवादक व रचनाकार जॉन मेयर आणि जमैकाहून आलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी पाच जॅझवादक व पाच हिंदुस्थानी संगीताचे वादक एकत्र बसवून ‘इंडो-जॅझ’ नावाचा प्रकार रूढ केला होता. त्या पाचांत तबल्यावर मुंबईहून आलेले केशव साठे आणि तंबोऱ्यावर चंद्रहास पैंगणकर होते. म्हणजे लंडनच्या त्या नव्या संगीताचा आधारस्वर आणि ठेका मराठी-कोकणी हातांत होता. वेष्टनाच्या मागच्या बाजूवर ही नोंद आजही वाचता येते.

अशा काळात लंडनला पोहोचलेल्या भारतीय वादकाकडून लोकांची अपेक्षा ठरलेली होती : सतार, तबला, उदबत्तीचा धूर. अमान्सिओ यांच्या हातात मात्र विजेवर वाजणारी गिटार होती. भारतीय म्हणावे तर वाद्य भारतीय नव्हे. जॅझवादक म्हणावे तर तो अमेरिकेचा किंवा इंग्लंडचा नव्हे. दोन्ही बाजूंच्या चौकटींत न मावणाऱ्या माणसाला स्वतःची जागा स्वतःच तयार करावी लागते.

ती जागा त्यांना डेनिस प्रेस्टन या निर्मात्यामुळे मिळाली. प्रेस्टन कोणत्याही मोठ्या कंपनीचे नोकर नव्हते. लॅन्सडाउन या आपल्या स्टुडिओत ते स्वतःच्या निवडीने ध्वनिमुद्रण करीत आणि तयार झालेले संगीत मोठ्या कंपनीमार्फत बाजारात आणीत. आज तरुण मंडळी ज्याला ‘इंडी’ संगीत म्हणतात, त्याच्या मुळाशी असलेली स्वतंत्र निर्मितीची कल्पना ब्रिटनमध्ये रुजवणाऱ्यांत प्रेस्टन यांचे नाव अग्रभागी आहे. खपाची हमी नसलेल्या संगीतासाठी कुणीतरी असा दरवाजा उघडा ठेवावा लागतो.

१९६९ मध्ये अमान्सिओ यांची ‘इंटिग्रेशन’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. सोबत ट्रम्पेटवर इयन कार, सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल, बासवर डेव्ह ग्रीन आणि ड्रमवर ट्रेव्हर टॉमकिन्स. ब्रिटिश जॅझमधील हे नामांकित वादक. दोनच वर्षांपूर्वी आलेल्या परदेशस्थाच्या रचना त्यांनी वाजवल्या, त्याच्या नावाची ध्वनिमुद्रिका साकारली. एका रचनेचे नाव ‘गंगा’, तर दुसरीचे ‘जॉइस कंट्री’, म्हणजे आयर्लंडच्या पश्चिमेकडील एका प्रदेशाचे. नावांचा हा पसारा पाहून गोंधळायचे कारण नाही. माणूस जिथे जिथे राहिला, ज्यांच्यावर त्याने प्रेम केले, ते सर्व त्याच्या संगीतात आले, इतकेच.

त्याच वर्षी ‘हम दोनो’ आली. भारतीय श्रोत्याला हे नाव ऐकताच १९६१ चा देव आनंद यांचा चित्रपट आठवेल. येथे मात्र ‘दोनो’ म्हणजे जो हॅरियट आणि अमान्सिओ डिसिल्वा. वेष्टनाच्या पुढच्या बाजूवर दोघांची नावे बरोबरीने होती. साथीदार कोण आणि प्रमुख कोण, हा प्रश्न शीर्षकानेच निकालात काढला होता.

जो हॅरियट यांची कहाणी शाळेच्या या समारंभात विशेष सांगण्यासारखी आहे. १९२८ साली किंग्स्टन येथे जन्मलेला हा मुलगा अल्फा या शाळेत वाढला. कॅथलिक जोगिणी चालवीत असलेली ती गरीब व निराधार मुलांची शाळा आपल्या बँडसाठी प्रसिद्ध होती. तेथे हॅरियट क्लॅरिनेट शिकले. १९५१ मध्ये ते इंग्लंडला आले आणि पुढील दशकात त्यांनी ठरलेले स्वरमेळ व ठरलेली लय यांच्या बंधनातून मुक्त होणाऱ्या जॅझचा स्वतःचा मार्ग काढला. एकाच साम्राज्याच्या दोन टोकांहून आलेली ही दोन माणसे. एकाच्या मागे गोव्याच्या चर्चमधून वाढलेली वाद्यविद्या, दुसऱ्याच्या मागे जमैकाच्या जोगिणींची शाळा. साम्राज्याच्या राजधानीत दोघे भेटले आणि एकमेकांशी बोलू लागले.

त्या संवादाची रीत नीट पाहिली पाहिजे. ‘हम दोनो’त सतार नाही. तबला नाही. तंबोराही नाही. आल्टो सॅक्सोफोन, गिटार, इयन कार यांचे फ्लूगलहॉर्न, डेव्ह ग्रीन यांचा बास, ब्रायन स्प्रिंग यांचे ड्रम आणि नॉर्मा विन्स्टन यांचा आवाज, एवढाच मेळ. विन्स्टन यांच्या गाण्यात शब्द नाहीत. त्या केवळ स्वर गातात, आपल्याकडे आलापीत गळा वाद्यासारखा चालतो तशा. तरीही ऐकणाऱ्याला त्यात हिंदुस्थान जाणवतो. कशामुळे? तो वाद्यांच्या नावांत नाही, स्वरांच्या चलनात आहे. १९५९ च्या सुमारास अमेरिकेत माइल्स डेव्हिस प्रभृतींनी सतत बदलणाऱ्या स्वरमेळांऐवजी एकाच स्वरपंक्तीवर दीर्घकाळ रेंगाळण्याची पद्धत आणली. एका स्वरसमूहात राहून त्याचे अंतरंग उलगडत जाणे ही रागविस्ताराची सवय असलेल्या कानाला ओळखीची गोष्ट होती. अमान्सिओ यांनी जॅझला बाहेरून हिंदुस्थानी पोशाख चढवला नाही. जॅझमध्येच जी खोली आपल्या घरासारखी होती, तिथे जाऊन ते बसले.

त्या ध्वनिमुद्रिकेवरील एका रचनेचे नाव ‘बॅलड फॉर गोवा’ असे आहे. मुंबईत जन्मलेला, लंडनमध्ये स्थायिक झालेला माणूस, जमैकाचा सोबती आणि इंग्रज साथीदार यांच्यामध्ये बसून, आपल्या पूर्वजांच्या भूमीसाठी रचना करतो. सोबत्यांना त्यासाठी गोवा पाहावा लागला नाही. त्यांना फक्त ऐकावे लागले. आणि अमान्सिओ यांनाही गोवा सोडावा लागला नाही. साथसंगतीचे मर्म येथे आहे. साथ करणारा म्हणजे दुसऱ्याच्या सुरात विरघळून जाणारा नव्हे. ज्याचा स्वतःचा षड्ज पक्का नाही, त्याला साथ करता येत नाही. तो केवळ मागे फरफटतो. आणि ज्याला आपल्या षड्जापलीकडे काही ऐकू येत नाही, त्याच्याबरोबर कुणी बसत नाही. या दोन्हींच्या मधली वाट अरुंद आहे. अमान्सिओ आयुष्यभर तिच्यावरून चालले.

पुढे १९७१ मध्ये ‘रिफ्लेक्शन्स’ ही गिटारच्या हळुवार बाजूची ध्वनिमुद्रिका आली. १९७२ मध्ये ‘कॉस्मिक आय’ या नावाने जमलेल्या वादकांबरोबर ‘ड्रीम सीक्वेन्स’ निघाली. तीत जॅझ, रॉक आणि हिंदुस्थानी वाद्ये एकत्र आली आणि तबल्यावर केशव साठे होते. साठे यांचाही उल्लेख येथे आदराने केला पाहिजे. १९५० च्या दशकात मुंबईहून लंडनला गेलेला हा मराठी तबलावादक जॅझवाल्यांबरोबर बसला, युरोपातील मुक्त-जॅझवाल्यांबरोबर बसला आणि पुढे जॉन रेनबोर्न या गिटारवादकाच्या मंडळीत इंग्रजी लोकगीतांनाही त्याने ठेका दिला. इंग्लंडच्या खेड्यांतील शतकांपूर्वीच्या चाली आणि त्यांखाली मुंबईच्या माणसाचा तबला!

आणि मग ‘कोंकण डान्स’. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमान्सिओ यांनी या नावाची ध्वनिमुद्रिका तयार केली. त्यांच्या सर्व कामांत हे शीर्षक आपल्या अगदी जवळचे. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीचे नाव लंडनच्या स्टुडिओत उच्चारले गेले. सोबत पुन्हा डॉन रेंडेल, पुन्हा साठे. पण ती तेव्हा प्रकाशित झालीच नाही. हिंदुस्थानी संगीताची लाट ओसरली होती, जॅझचा बाजार आकसला होता. १९७३ च्या जानेवारीत जो हॅरियट यांचे अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, विपन्नावस्थेत निधन झाले. १९९६ मध्ये अमान्सिओ गेले. ‘कोंकण डान्स’ लोकांच्या हाती आली ती २००६ मध्ये, रचनाकाराच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी.

ही बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. अनेकांबरोबर सहज मिसळणाऱ्या, अनेक शैलींत वावरणाऱ्या कलावंताला जग चटकन ओळखत नाही. दुकानात त्याची ध्वनिमुद्रिका कोणत्या कप्प्यात ठेवावी हे कळत नाही. इतिहास लिहिताना त्याला कोणत्या प्रकरणात बसवावे हे कळत नाही. ब्रिटिश जॅझच्या इतिहासात तो परदेशी, भारतीय संगीताच्या इतिहासात तो जॅझवाला, आणि मराठी-कोकणी जगात तर त्याचे नावच पोहोचलेले नाही. साथसंगतीची किंमत मोजावी लागते आणि ती बहुधा एकट्यालाच मोजावी लागते. तरी काम टिकले. तीस वर्षे पेटीत पडून राहिलेली ‘कोंकण डान्स’ आज लागते, तेव्हा ती शिळी वाटत नाही.

श्रोतेहो, आता लंडनहून रायपुरात परतू या. हा धडा शिकायला खरे तर सातासमुद्रापलीकडे जाण्याची गरज नव्हती. १९२३ साली याच शहरात हबीब तन्वीर यांचा जन्म झाला. येथल्या शाळेत ते शिकले, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेले, १९५० च्या दशकात लंडनच्या नाट्यविद्यालयातही शिकून आले. परत आल्यावर १९५८ मध्ये ‘मिट्टी की गाडी’साठी त्यांनी छत्तीसगढच्या नाचातील काही कलावंतांना दिल्लीला नेले. परंतु त्यांना हिंदी बोलायला लावले आणि रंगमंचावर आखून दिलेल्या जागी उभे केले, की ते अवघडून जात. गावात रात्रभर हजारोंना खिळवून ठेवणारा नट दिल्लीत लाकडासारखा होई. दोष कुणात आहे हे तन्वीर यांना उमगायला काही वर्षे लागली. १९७३ मध्ये रायपुरात नाचा कलावंतांची कार्यशाळा झाली, तीतून ‘गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’ उभे राहिले. नटांना त्यांची छत्तीसगढी आणि त्यांची मोकळी हालचाल परत मिळाली. दोनच वर्षांनी आले ‘चरणदास चोर’, आणि १९८२ मध्ये त्याच छत्तीसगढी बोलीतील त्या नाटकाने एडिंबरोच्या महोत्सवात पारितोषिक मिळवले. परक्या प्रेक्षकांना छत्तीसगढी येत नव्हती. नटांना मात्र ती येत होती, आणि ते पुरेसे ठरले.

त्याआधीचे उदाहरण माधवराव सप्रे यांचे. मराठी घरातले, याच भागात शिकलेले. १९०० साली त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. हिंदी पत्रकारितेच्या पायाभरणीत त्यांचे स्थान सर्वमान्य आहे. पण हिंदीची सेवा करताना त्यांनी आपले मराठीपण बाजूला ठेवले नाही; उलट त्याचाच उपयोग केला. समर्थांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेले. मराठी पक्की होती, म्हणूनच हिंदीला देण्यासारखे त्यांच्यापाशी काही होते.

मराठी माध्यमाच्या शाळेत मुलाला घालताना रायपुरातील पालकाच्या मनात एक रास्त भीती असते : उद्या हे मूल हिंदीच्या, इंग्रजीच्या जगात कुठे बसेल? ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. हिंदी आणि इंग्रजी उत्तम यायलाच हव्यात; अमान्सिओ यांना जॅझची भाषा इंग्रज वादकांइकीच चांगली येत होती, म्हणून त्यांना त्या मेळात बसवून घेतले गेले. केवळ गोमंतकीय असण्याने कुणी स्टुडिओचे दार उघडले नसते. पण त्या मेळात त्यांनी जे आणले, ते दुसरा कुणी आणू शकत नव्हता, आणि ते त्यांनी घरून आणले होते. दोन्ही गोष्टी लागतात. पहिली जगाकडून शिकता येते, कोणत्याही वयात शिकता येते. दुसरी लहानपणीच मिळते. ती घरात मिळते आणि शाळेत मिळते, आणि एकदा हुकली की पुढे कोणत्याही शिकवणीवर्गात विकत मिळत नाही.

साठ वर्षांत या शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी थोड्यांचीच नावे वेष्टनाच्या पुढच्या बाजूवर आली असतील. बहुतेकजण मागच्या बाजूवर आहेत : कचेऱ्यांत, रुग्णालयांत, कारखान्यांत, शेतांवर, वेगवेगळ्या भाषांच्या माणसांच्या मेळात आपापला ठेका सांभाळत. एखाद्या शाळेचे मोल तिच्या ठळक नावांवर मोजण्याचा प्रघात आहे. त्याऐवजी असे मोजता येईल : तिची मुले इतरांबरोबर कशी वाजतात, आणि इतरांबरोबर वाजताना त्यांचा स्वतःचा स्वर ऐकू येतो का. अशा वादकांची नावे बारीक टाइपात असतात. परंतु त्यांच्यावाचून मैफल उभी राहत नाही. ती नावे वाचण्याची सवय या अंकाच्या वाचकांना लागो, एवढीच हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने प्रार्थना.